बीन वाईट आहे का गं?

गेल्या महिन्यात बहिणीकडे राहायला गेले होते आणि तिचं धाकटं पिल्लू आतल्या खोलीत झोपलेलं, त्यामुळे टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. मोठी भाची, वय वर्षं सात, मला चिकटून बसलेली. म्हटलं आवाज नसताना बघण्यासारखं काय, तर मिस्टर बीन! मूकपटच तो, आवाज असला काय नि नसला काय. लावला. तो परीक्षेचा भाग, एकदम पहिला. आणि दहा मिनिटांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे मला कळलं की आवाज बंद करून बीन बघताच येत नाही, अर्ध्याहून जास्त मजा उडून जाते. आणि दुसरी, भाचीने माझ्याकडे मान वळवून अगदी गंभीरपणे विचारलं, "मावशी, हा वाईट आहे का गं?"

मी पटकन म्हणाले नाही गं, भोळा आहे बिचारा. आणि स्क्रीनवर तो भोळा बिचारा शेजारच्या मुलाच्या पेपरावर डोळा ठेवून, मान लांब करून, फुंकर मारून कॉपी करत होता.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. पोगोवर लहानपणी शंभरदा बघितलेला हा माणूस आपण सगळ्यांनी मनात "गोड, निरागस" खात्यात टाकून ठेवलाय. म्हणून मग मी सगळे एपिसोड परत बघितले (१५च तर आहेत!) आणि तो आला कुठून याचंही जरा वाचन केलं. ते सगळं इथे टाकतेय, पसारा आहे, सांभाळून घ्या.

तर सुरुवात आरशापासून. बीनचं काम करणारा नट रोवन ॲटकिन्सन, जन्म १९५५, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आधी न्यूकॅसल आणि मग मास्टर्ससाठी ऑक्सफर्डचं क्वीन्स कॉलेज. तिथे विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळींत शिरला आणि एका कार्यक्रमासाठी काहीतरी पाच-दहा मिनिटांचं करून दाखवायचं होतं, लिहिलेलं काहीच हाताशी नाही, म्हणून हा आरशासमोर उभा राहून तोंडं वेडीवाकडी करत बसला. त्यातून एक न बोलणारा विचित्र प्राणी बाहेर आला. नाव नाही, गाव नाही, नुसता चेहरा. म्हणजे बीन आधी कागदावर आलाच नाही, तो आधी चेहऱ्यावर आला, आणि माझ्या मते पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. याच ऑक्सफर्डमधे त्याला रिचर्ड कर्टिस भेटला जो पुढे त्याचा लेखक झाला, आणि हॉवर्ड गुडॉल भेटला जो संगीतकार झाला. तिघंही विशीच्या आसपासचे. कॉलेजच्या ग्रुपमधून इतकं टिकाऊ काही निघतं हे वाचून जरा जळफळाट झाला हे मान्य करते, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधून फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला.

त्यानंतर तो प्राणी बरीच वर्षं नुसता स्टेजवर फिरत होता, एडिनबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला वगैरे. १९७९ मधे 'कॅन्ड लाफ्टर' नावाचा एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम ब्रिटनच्या आयटीव्हीवर आला, त्यात ॲटकिन्सनचं एक पात्र होतं रॉबर्ट बॉक्स नावाचं. एकटा राहणारा, अवघडलेला, ऑफिसला जाणारा माणूस. बघितलं तर लगेच लक्षात येतं की अरे हा तर बीनचा थोरला भाऊ. फक्त हा रॉबर्ट बॉक्स बोलतो आणि त्याची दया येते. दया काढून टाकली आणि बोलणं काढून टाकलं की बीन उरतो.

आता मला सगळ्यात आवडलेला किस्सा. १९८७, कॅनडातलं माँट्रियल, तिथे 'जस्ट फॉर लाफ्स' नावाचा मोठा विनोदी महोत्सव भरतो. माँट्रियलमधे दोन्ही भाषा चालतात त्यामुळे कार्यक्रमही दोन, इंग्रजीचा वेगळा आणि फ्रेंचचा वेगळा. ॲटकिन्सन इंग्रज, साहजिकच त्याला इंग्रजी कार्यक्रमात बसवायचं ठरत होतं, तर हा हट्टाला पेटला की मला फ्रेंचच्या कार्यक्रमात घाला. आयोजक चक्रावले, कारण याच्या आयटममधे फ्रेंचचं एक अक्षर नव्हतं. पण याला नेमकं तेच बघायचं होतं! समोर अशी माणसं हवी होती ज्यांना इंग्रजीचा टेकू मिळणार नाही आणि तरी ती हसतायत का. हसली. ही इंजिनिअरची चाचणी आहे हो, पुरती इंजिनिअरची, माल बाजारात आणायच्या आधी वेगळ्या हवामानात चालवून बघायचा. नंतर हाच माल १९० हून जास्त देशांत आणि प्रदेशांत विकला गेला, विमानातल्या छोट्या स्क्रीनवर जाऊन बसला, आणि डबिंगचा खर्च जवळपास शून्य.

नावाची गंमत वेगळीच. कार्यक्रम टीव्हीवर यायची वेळ आली तरी या माणसाला नाव नव्हतं. आधी 'मिस्टर व्हाइट' म्हणत होते, मग भाज्यांची नावं चाचपून बघितली, त्यात 'मिस्टर कॉलिफ्लॉवर' पण होतं, म्हणजे आपला फ्लॉवर. शेवटी शेंगेवर गाडी थांबली. आता बीनला मराठीत काय म्हणायचं तर घेवडा. म्हणजे हा मराठीत जन्मला असता तर श्री. घेवडे झाला असता, आणि खरं सांगू का, मला ते नाव फार शोभतंय त्याला. "घेवडे, सही करा इथे." चष्मा नाही, छत्री आहे, असे कुणीतरी घेवडे. आणि पहिलं नाव काय तर तेही मिस्टरच, सिनेमातल्या पासपोर्टवरसुद्धा. भाजीचा धागा त्यांनी पहिल्या एपिसोडमधे गुपचूप ठेवलाय, चर्चमधे बीनच्या शेजारी जो वैतागलेला गृहस्थ बसतो (रिचर्ड ब्रायर्स, काय नुसत्या नजरेने काम करतो तो माणूस!) त्याचं पात्राचं नाव मिस्टर स्प्राऊट.

आणि ते सुरुवातीचं गाणं! रात्रीचा निर्जन रस्ता, आभाळातून प्रकाशाचा झोत, त्यातून हा धप्पकन पडतो, आणि मागे चर्चचं एकदम पवित्र समूहगान. लहानपणी मला वाटायचं काहीतरी देवाचं म्हणतायत. ते लॅटिन आहे, 'एक्के होमो क्वी एस्ट फाबा', आणि त्याचा अर्थ "पहा हा मनुष्य, जो घेवडा आहे". मी हे वाचून दहा मिनिटं हसत होते. गुडॉलने ते अगदी खऱ्या भक्तिसंगीतासारखं बांधलं आणि लंडनच्या साउथवर्क कॅथीड्रलच्या खऱ्या गायकवृंदाकडून गाऊन घेतलं, कुठेही डोळा न मारता. शेवटी परत 'वाले होमो क्वी एस्ट फाबा', म्हणजे "येतो घेवडेबुवा". पंचवीस वर्षं मी हे मान डोलावत ऐकलंय.

पहिला भाग आला १ जानेवारी १९९० ला, आयटीव्हीवर. आता ही तारीख जरा बाजूला ठेवा आणि दुसरी बघा. ॲटकिन्सनचं 'ब्लॅकॲडर' (त्याचा आधीचा विनोदी कार्यक्रम), जे सगळं जिभेवर चालायचं, म्हणजे एकेक टोमणा तासून धार लावून फेकलेला, त्याच्या शेवटच्या मालिकेचा शेवटचा भाग आला २ नोव्हेंबर १९८९ ला. मधे फक्त दोन महिने! दोन महिन्यांपूर्वी जो माणूस ब्रिटनच्या टीव्हीवर सगळ्यात तिखट बोलत होता तो अचानक गप्प. मला हे लय भारी वाटतं. ॲटकिन्सनला लहानपणापासून तोतरेपणाचा त्रास आहे आणि त्याबद्दल तो स्वतः बोललाय, भूमिकेत शिरलं की तो त्रास कमी होतो असंही म्हणालाय, आणि ब हे अक्षर तो जे ताणून, ओठ दाबून फोडल्यासारखं म्हणतो ती पण त्यातूनच आलेली युक्ती. लोक यावरून लगेच "म्हणून बीन बोलत नाही" अशी गोष्ट जोडतात. मला नाही पटत. ब्लॅकॲडर तोच माणूस करत होता की, आणि घडाघडा करत होता.

आणि मुळात बीन मूक नाहीच, जे मला त्या आवाज बंद दुपारी कळलं. तो घशातल्या घशात बोलतो. स्वतःचं नाव सांगताना खोल विहिरीतून बेडूक बोलल्यासारखं "बीन" म्हणतो. काहीतरी जमलं की एक बारीकसा हुंकार, फसलं की वेगळा, लबाडी करताना तर एक खास गुरगुर. तो आवाज गेला की उरतो फक्त एक धडपडणारा माणूस, आणि धडपडणारी माणसं काय कुठेही मिळतात. तो आवाज म्हणजे आत काय शिजतंय त्याची बातमी आहे. लहान मूल एकटं खेळताना तोंडाने काहीबाही पुटपुटत असतं बघा, गाडीचा आवाज, बाहुलीचा आवाज, तसं.

ॲटकिन्सन स्वतः म्हणतो की बीन म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीरातलं लहान मूल. हे वाक्य सगळीकडे छापलं जातं आणि ते वाचून लोक "अय्या किती गोड" म्हणतात. ज्यांच्या घरात लहान मूल आहे ते म्हणणार नाहीत. लहान मूल काय असतं हो? चिकट असतं, मतलबी असतं, माझं ते माझं आणि तुझं तेही माझं. दुसऱ्याला दुखतंय याच्याशी देणंघेणं नाही. हरायला आलं की खेळ मोडतं. सहसा आई असते मधे, ती "सॉरी म्हण" म्हणते. बीनला ती आईच दिलेली नाही, आणि वर गाडी दिलीय, फ्लॅट दिलाय, क्रेडिट कार्ड दिलंय.

उदाहरण म्हणून हॉटेलमधला प्रसंग घ्या. वाढदिवस आहे, एकटाच आलाय, भारी हॉटेल. खिशातून कार्ड काढतो, स्वतःच स्वतःला लिहितो, टेबलावर ठेवतो, आणि मग ते अचानक दिसल्यासारखा आश्चर्यचकित होतो. इथे घसा दाटतो माझा दरवेळी. पण थांबा. यानंतर जेवण येतं, स्टेक टार्टार, म्हणजे कच्चं बीफ खिमा करून. मेनूत काय आहे हे न कळता मागवलेलं. आवडलं नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून हा ते लपवायला लागतो. फुलदाणीत, साखरेच्या भांड्यात, पावाच्या आत, इथवर ठीक, मग शेजारच्या बाईच्या पर्समधे, आणि व्हायोलिन वाजवत टेबलाशी आलेल्या माणसाच्या पँटमधे! आणि शेवटी वेटरला पाय घालून पाडतो आणि सगळा दोष त्याच्यावर ढकलतो. त्या वेटरची काय चूक? त्याची नोकरी गेली असेल. मॅनेजर माफी मागत नवी प्लेट आणून ठेवतो, परत तेच कच्चं मांस, तेवढाच काय तो न्याय. हे सगळं पाच-सात मिनिटांत, आणि त्या सुरुवातीच्या कार्डामुळे आपण शेवटपर्यंत त्याच्या बाजूने असतो. लिहिणाऱ्यांची खरी चलाखी ही. (कर्टिसबरोबर रॉबिन ड्रिस्कॉल हा दुसरा मुख्य लेखक, त्याचं नाव फार घेतलं जात नाही म्हणून घेतेय, आणि पहिल्या भागात बेन एल्टनचाही हात होता.)

एकटेपण आणि लबाडी अशी एकाला एक बांधून दिलीय सगळीकडे. नव्या वर्षाची पार्टी आठवतेय का? दोनच पाहुणे येतात, खायला काही नाही, तर हा खिडकीबाहेरच्या झाडाच्या काड्या तोडून त्या कसल्याशा काळ्या चटणीत बुडवून देतो आणि वाइन संपली म्हणून व्हिनेगरमधे साखर! पाहुणे इतके कंटाळतात की घड्याळ पुढे करून, बारा वाजले वाजले करून पळतात, समोरच्या घरातल्या पार्टीत. हा मात्र खूश होऊन झोपायला जातो आणि मग बाहेरून खरे बारा वाजलेले ऐकू येतात. दोष कुणाचा सांगा, मला तर ठरवता येत नाही.

इर्मा गॉबचं पण तसंच. बीनची मैत्रीण, मटिल्डा झिगलर, फक्त तीन भागांत आहे पण तिने काय सोसलंय! नाताळात ती त्याला दागिन्यांच्या दुकानाच्या काचेत अंगठी दाखवते, चांगलं बोट लावून. तो तिला त्याच काचेत लावलेलं जाहिरातीचं जोडप्याचं चित्र आणून देतो. मग एक छोटी डबी देतो, तिचा चेहरा उजळतो, उघडते तर आत चित्र टांगायचा हूक. त्या मालिकेत इर्मा परत आली नाही, शहाणी बाई. टर्की डोक्यात अडकलेला बीन सगळ्यांना आठवतो, तो याच भागातला, पण मला तो हूक आठवतो.

त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाशी, टेडीशी, मात्र तो प्रेमाने वागतो असं म्हणतात, पण तेही तपासून बघा. भिंत रंगवायला ब्रश नाही म्हणून त्याच टेडीला रंगात बुडवून भिंतीवर फिरवलेलं आहे.

जाक ताती नावाचा फ्रेंच नट-दिग्दर्शक होता, त्याचं मस्यू ह्युलो हे पात्र ॲटकिन्सनवरचा सगळ्यात मोठा प्रभाव, हे तो उघड सांगतो. मी मुद्दाम ह्युलोचा १९५३ चा तो सुट्टीवरचा सिनेमा बघितला. आणि फरक लख्ख दिसला. ह्युलो सभ्य आहे, कमरेत वाकून नमस्कार करणारा, त्याच्या हातून गोंधळ होतात कारण जग भलतंच गुंतागुंतीचं आहे. आपल्या घेवडेंना जगाशी काही घेणंच नाही. ॲटकिन्सनने गुरूकडून चालणं घेतलं, बोलणं कमी करणं घेतलं, आणि सभ्यपणा गुरूकडेच ठेवला.

बाकी तपशील भराभर सांगते. तपकिरी कोट आणि लाल टाय तर माहितीच आहे. मिनी गाडी पहिल्या भागात केशरी होती, पोपटी-पिवळी आणि काळं बॉनेट असलेली नंतर आली. दाराला कडी-कुलूप, आणि कधी कधी चोराच्या भीतीने स्टिअरिंगच काढून बरोबर नेणं, हे परत अगदी इंजिनिअरी. पहिल्या भागाला १९९० मधे माँत्रोच्या टीव्ही महोत्सवाचा गोल्डन रोझ पुरस्कार मिळाला. १९९२ मधे एक भाग, दाताच्या डॉक्टरकडे जातो तो, जवळजवळ १ कोटी ८७ लाख लोकांनी ब्रिटनमधे बघितला. आणि एवढं सगळं असूनही १९९५ पर्यंत १५ भाग आणि बास, त्यातला शेवटचा तर आधी टीव्हीवर नाही, व्हिडिओ कॅसेटवरच आला. सगळे मिळून सहा-साडेसहा तास. आपल्या एखाद्या मालिकेत तेवढ्यात हळदीकुंकू पण आटोपत नाही. मग दोन सिनेमे, १९९७ आणि २००७, आणि २००२ पासून कार्टून, जे मला आवडत नाही, भाचीला आवडतं, असो.

२०१२ ला लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तो आला ते आठवत असेल. सायमन रॅटल ऑर्केस्ट्रा चालवतोय, सगळं गंभीर, आणि हा कीबोर्डवर एकाच बोटाने एकच सूर दाबत बसलाय, टकटकटकटक. कंटाळतो, नाक पुसायला कागद हवा म्हणून छत्रीच्या टोकाने सूर चालू ठेवतो. मग स्वप्नात समुद्रकिनाऱ्यावर धावपटूंबरोबर धावतो. आणि काय करतो? मागे पडायला लागल्यावर गाडीत बसून पुढे जातो, आणि जिंकायच्या वेळी शेजारच्याला पाय घालतो. ऑलिम्पिकच्या उद्घाटनात! खेळाडूवृत्तीच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्यात ब्रिटनने जगासमोर आपला सगळ्यात प्रसिद्ध चीटर उभा केला आणि अख्खं जग हसलं.

ॲटकिन्सनचं आणि बीनचं नातं पण काही फार प्रेमाचं उरलेलं दिसत नाही. त्याच वर्षी तो म्हणाला होता की पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं पोरासारखं वागणं आता जरा केविलवाणं दिसतं, आणि २०२१ मधे तर सरळ सांगितलं की बीन करायला मजा येत नाही, ताण येतो, दमायला होतं. आवाज द्यायला सोपं जातं म्हणाला. मला हे ऐकून वाईट वगैरे वाटलं नाही. प्रत्येक भुवईचा हिशोब ठेवून असला डँबिसपणा करायचा म्हणजे दमणारच माणूस.

तर परत भाचीकडे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा चुकीचं दिलं होतं म्हणून पुढच्या वेळी गेले तेव्हा तिच्याबरोबर आणखी काही भाग बघितले, यावेळी आवाज लावून. तिला त्यात एक भलतीच गोष्ट आवडायला लागली, ती निळी तीन चाकांची गाडी. पहिल्या भागापासून आहे ती, रिलायंट कंपनीची, आणि बीनचं तिच्याशी काय वैर आहे कुणास ठाऊक, दिसली की तिला कधी रस्त्यावरून ढकल, कधी पार्किंगमधून हुसकाव, कधी आडवीच कर. आत कोण आहे ते आपल्याला कधीच दाखवलेलं नाही. भाची प्रत्येक भागात तिचीच वाट बघायची. गोल्फवाल्या भागात एका ठिकाणी बीन रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून लिफ्ट मागत उभा असतो, कुणी थांबत नाही, आणि मग एक गाडी थांबते. तीच निळी. इतकं सगळं सोसून तो आतला माणूस याच्यासाठी थांबलाय. आणि बीन काय करतो, तर अंगठा खाली घेतो आणि आपण लिफ्ट मागतच नव्हतो असं दाखवत भलतीकडे बघत उभा राहतो, ती गाडी निघून जाईपर्यंत.

"मावशी," भाची म्हणाली, "आपण त्या गाडीवाल्याचा कार्यक्रम बघूया ना."